समेच्या आधी

दारावरच्या बाउन्सरने माझ्या पिशवीतून रोलची काळी डबी बाहेर काढली, कानाशी नेऊन हलवली आणि विचारलं, "ताई, हे काय आहे? तंबाखू?"

"रोल आहे. कॅमेऱ्याचा."

त्याने झाकण उघडून आत बघितलं. वय असेल बावीस-तेवीस. रोल बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला असावा, कारण बाहेर आलेली फिल्मची जीभ चिमटीत धरून तो ओढायला लागला आणि मी जवळजवळ किंचाळलेच. मग डबी परत देताना त्याने जरा आपुलकीने विचारलं, "आत तुमचा मुलगा वाजवतोय का?"

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. आत वाजवणारी पोरं पंचविशीतली. हिशेब ओढूनताणून बसतो. मी "हो" म्हणून टाकलं आणि तिकीट न काढता आत गेले.

घरीही काही वेगळं नाही. पहिल्यांदा आईला सांगितलं होतं की रात्री एका बँडचे फोटो काढायला जायचंय, तर तिने विचारलं, "कुणाचं लग्न?" आमच्या सांगलीकडे बँड म्हणजे लाल डगले, पितळी कर्णे आणि वरातीपुढे ढकलत न्यायची जनरेटरची गाडी. हा तो बँड नव्हे, चार पोरं असतात, गिटार-बिटार वाजवतात, तळघरात, असं मी समजावलं. आई म्हणाली, "तळघरात कशाला वाजवतात? लोक रागावतात का?"

लोक रागावतात, हे खरंच आहे. पुण्यात मूळ गाणी वाजवणाऱ्या पोरांना जागा मिळते ती अशीच. कुठल्या तरी बारचं तळघर, नाहीतर गच्ची. गच्चीवर दहाच्या ठोक्याला सगळं बंद, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नियम योग्यच आहे, माझी झोपही त्यावरच चालते. पण एकदा मी शेवटच्या गाण्यासाठी पाच फ्रेम राखून ठेवल्या होत्या आणि नऊ सत्तावन्नला मॅनेजरने येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. शेवटचं गाणं झालंच नाही. त्या पाच फ्रेम दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीतल्या तुळशीवर गेल्या.

राखून ठेवणं हा या धंद्यातला अर्धा भाग आहे. (धंदा म्हणायचं, मिळत काही नाही. दिवसा मी विमा कंपनीत दाव्यांच्या फायली बघते.) रोलमध्ये छत्तीस फ्रेम. शेवटचा रोल घेतला तो हजार रुपयांच्या आतबाहेर होता, म्हणजे बटण एकदा दाबलं की दीड वडापाव गेला. शेजारी डिजिटलवाला मुलगा उभा असतो, तो एका गाण्यात दोनशे फोटो काढतो. त्याच्याबद्दल मला असूया नाही, त्याचे फोटो बँडला त्याच रात्री मिळतात आणि माझे पंधरा दिवसांनी, तेही मिळाले तर. मग हे कशाला करतेस, असं लोक विचारतात. फिल्मचा पोत, दाणा, 'जुनं ते सोनं' वगैरे उत्तरं मी बरीच वर्षं देत आले. ती खोटी नाहीत, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मला मामाकडून मिळालं.

मामाचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट. चौकोनी निगेटिव्हचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा, एका रोलवर बारा फोटो. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा त्या काळातली गोष्ट. आख्खं लग्न तीन रोलमध्ये बसवायचं, म्हणजे पुन्हा छत्तीसच. मंगलाष्टकांना तीन, सप्तपदीला दोन, वरमायांना एकेक (नाहीतर भांडणं), आणि वरातीत एक फोटो बँडवाल्यांचा. तो कुणी मागितलेला नसायचा, मामा आपल्या हौशीने काढायचे. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांच्या मागे फ्लॅशची बॅटरी धरून चालायचे. एकदा कर्णेवाल्याचा फोटो काढताना ते म्हणाले, "पोरी, वाजलं की दाबायचं नाही. गाल फुगले की दाबायचं."

तेव्हा मला ती गंमत वाटली. गाल फुगलेला माणूस कुणाला नाही आवडत!

वीस-बावीस वर्षांनी, एका तळघरात ड्रमरचे आठ फोटो सलग वाया घालवल्यावर ते वाक्य आठवलं. तिथली परिस्थिती अशी असते: माझी फिल्म ४००ची (आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात चालते), मी ती १६००ची समजून वापरते. तरीही उजेड इतका कमी की पन्नास मिलिमीटरची लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी ठेवून शटर एकसाष्टांश सेकंदापर्यंत खाली आणावं लागतं. एकसाष्टांश सेकंदात ड्रमरची काठी हवेतून बरीच पुढे जाते. फोटोत काठी येतच नाही, पांढुरका पंखा येतो. मनगटही जातं, कधी चेहराही. पण काठी वर गेली की परत फिरण्याआधी क्षणभर थांबते. वर फेकलेला चेंडू जसा शेंड्याला थांबतो तशी. तेव्हा दाबलं, तर त्याच मंद शटरवर काठीवरचे दातांचे ओरखडेसुद्धा दिसतात.

म्हणजे आघाताचा फोटो काढायचा नाही. आघाताच्या आधीचा काढायचा. गाल फुगलेला.

आता अडचण अशी, की काठी वर थांबलेली दिसली आणि मग दाबलं तर उशीर झालेला असतो. डोळ्याने बघून बोटापर्यंत निरोप जाईस्तोवर काठी खाली. ती थांबणार आहे हे आधी कळावं लागतं आणि ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. मोजावं लागतं.

मोजायला मी लहानपणी शिकलेच होते. बाबा मला सवाईला घेऊन जायचे, महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा तेव्हा. थंडी, शाली, स्टॉलवरची कॉफी. त्यांनी मला मांडीवर टाळी देत तीनताल मोजायला लावला होता, सोळा मात्रा, नववी खाली, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की पुढच्या चार-पाच रांगांतल्या माना एकदम हलायच्या. मला गाण्यातलं फार कळायचं नाही, माना बघायला आवडायच्या. मंचाखाली एका बाजूला फोटोग्राफर बसलेले असायचे. पुढे सतीश पाकणीकरांनी काढलेली गायक-वादकांची छायाचित्रं भिंतीवरच्या कॅलेंडरांत बघितली, तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या कितीतरी फोटोंत स्वर नुकताच लागायचा आहे. हात निघालाय, पोचलेला नाही. हे माझं बघणं, त्यांना तसं म्हणायचं असेलच असं नाही.

रॉकमध्ये चारचे हिशेब असतात. चार चोक सोळा की गाणं वळतं, आणि वळणाआधी ड्रमर हमखास काहीतरी खटाटोप करतो, आपल्याकडे तिहाई घेतात तसा. तो सुरू झाला की मी श्वास धरते. बहुतेक बँडांशी एवढ्यावर निभावतं. पण या पोरांचं एक गाणं सातात होतं. पहिल्या वेळी त्याने मला पार लोळवलं, सगळ्या फ्रेम अर्ध्या मात्रेने चुकलेल्या. दुसऱ्या वेळी मी चारचा नाद सोडला आणि मनात रूपक हा सात मात्रांचा ताल धरला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. बसला की हो. रूपकाची गंमत म्हणजे समेलाच खाली असते, जोर जिथे यावा तिथे टाळी नाही, हात उघडा. आणि या गाण्यातही ड्रमर पहिल्या मात्रेला चक्क काठी हवेतच ठेवायचा! त्या गाण्याच्या चार फ्रेम आल्या त्या माझ्या आजवरच्या चांगल्या फ्रेम आहेत. ड्रमरला रूपकाचं सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, हे आम्ही अमेरिकन बँडचं ऐकून केलं होतं."

काकू. असो.

मोजून दाबण्यात आणखी एक भानगड आहे, ती मला फार उशिरा उमगली. माझा कॅमेरा निकॉनचा एफएम टू, १९८२ साली आलेलं मॉडेल, सगळा यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला, दोन बटणासेल. व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसतं ते लेन्समागच्या आरशातून. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड फिल्मवर पडतो, आरसा खाली येतो. तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तो क्षण मी बघितलेला नसतो. आधीचा बघितलेला असतो, नंतरचा बघितलेला असतो. मधला मी फक्त ऐकते. आणि फोटोला तर ऐकूच येत नाही. आम्ही दोघं मिळून ती एक मात्रा अर्धी-अर्धी वाटून घेतो.

डिजिटलवाला मुलगा लगेच पडद्यावर बघून खात्री करतो. माझ्याकडे आवाजाखेरीज पुरावा नसतो. त्यामुळे फिल्म धुईपर्यंतचे पंधरा दिवस मला गाणी आठवत राहतात, फोटो नाही. ऑफिसात दाव्याची फाईल उघडलेली, अपघाताचा पंचनामा समोर, आणि डोक्यात त्या सातातल्या गाण्याचं कडवं.

दिव्यांविषयी बोलायलाच हवं, कारण माझा राग तिथे आहे. पूर्वी मंचावर हॅलोजनचे डब्यासारखे दिवे असायचे. तापायचे, वाजवणारे घामाने निथळायचे, पण उजेड सलग आणि भरघोस. आता एलईडी. आणि लाल लावला की रॉक झाला अशी दिवेवाल्यांची ठाम समजूत आहे. सबंध गाणं लाल. कृष्णधवल फिल्मला लाल दिसतं, पण त्या टोकाला तिची नजर मंदावते. मीटर म्हणतो भरपूर उजेड आहे, निगेटिव्ह येते जुन्या मलमलीसारखी पातळ. मी आता कार्यक्रमाच्या आधी दिवेवाल्याला चहा पाजते आणि प्रत्येक गाण्यात तीस सेकंद पांढरा किंवा निळा द्यायला विनवते. दहातले सहा जण देतात.

उरलेलं तंत्र सांगण्यासारखं फारसं नाही. लेन्स पूर्ण उघडी असताना दोन मीटरवर जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटर एवढंच स्पष्ट येतं, वीतभरही नाही. गाणारा पुढेमागे झुलत असतो, त्याच्यावर फोकस करत बसलं तर गाणं संपतं. माइक हलत नाही. माइकच्या जाळीवर फोकस लावायचा आणि माणूस तिथे यायची वाट बघायची. येतोच. न येऊन जातो कुठे?

४००ची फिल्म १६००ला ओढली तरी अंधार उजळत नाही, हेही नव्याने करणाऱ्यांना कुणी सांगत नाही. जास्त वेळ धुतल्याने जिथे थोडाफार उजेड पडला होता तिथलं चढतं. जिथे उजेड पडलाच नाही तिथे धुण्याने काय येणार? मागे बसलेला ड्रमर निम्मा काळा राहतो, झांजेची कड तेवढी चंद्रकोरीसारखी उमटते. सुरुवातीला मला हे अपयश वाटायचं. मग न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रॉय डीकारावाचे जॅझवाल्यांचे फोटो बघितले. हा माणूस फ्लॅश वापरत नसे, जॉन कोल्ट्रेनसारख्या सॅक्सोफोनवादकाचे फोटोही असेल त्या उजेडात काढी आणि प्रिंटही गडद करी, इतकी की काळ्यात काळं शोधत उभं राहावं लागतं. काही ठिकाणी माणसं हललेली, विरघळलेली. ते बघितल्यापासून मी अंधाराशी भांडत नाही.

धुण्याचं काम स्वयंपाकघरात. हातांना काळी पिशवी लावून, आत न बघता फिल्म चक्रीवर चढवायची. पावसाळ्यात बोटं दमट असतात, फिल्म मध्येच अडकते, तेव्हा पिशवीत हात अडकलेल्या अवस्थेत दारावरची बेल वाजते, हा नियम आहे. १६००साठी आयडी-११ या फिल्म धुण्याच्या रसायनात वीस अंशाला चौदा मिनिटं. पुण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणी वीस अंश कुठून असणार? परातीत बर्फ, परातीत टाकी, त्यात थर्मामीटर, मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीपालटी. नंतर बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफेने धूळ बसवायची आणि फिल्म कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायची. नवऱ्याने एकदा अंधारात हात पुसायला टॉवेल समजून ती धरली. त्या कार्यक्रमातल्या गिटारवाल्याच्या कपाळावर आमच्या घरचा अंगठा आहे.

आता त्या रात्रीचं. बाउन्सरने तंबाखू म्हटलेली ती रात्र या बँडची शेवटची होती. बासवाला पुढच्या आठवड्यात म्युनिकला शिकायला निघाला होता. भांडण नाही, काही नाही, नुसतं संपलं. मी दोन रोल नेले होते. पहिला आधीच्या बँडवर आणि यांच्या पहिल्या गाण्यावर संपवला, घाईघाईत एका खांबाआड बसून दुसरा भरला आणि पुढे गेले. दिवेवाल्याने मनापासून पांढरा दिला. सातातलं गाणं आलं, मी रूपक धरला, बोट अगदी जिथे पडायला हवं तिथे पडत होतं. आरसा उठायचा, काळोख, धाड, आरसा खाली. मला कळत होतं, हे आलंय.

शेवटच्या गाण्याला छत्तीस झाले. लिव्हर ओढला तर तो सरकला. पुन्हा ओढला, पुन्हा सरकला. रोल संपला की लिव्हर अडतो. पोटात गोळा आला. रोल परत गुंडाळायची कडी उचलून फिरवली, तर ती भोवऱ्यासारखी मोकळी फिरली, कसला ताणच नाही. खांबाआड जाऊन मागचं झाकण उघडलं. फिल्मची जीभ आतल्या चाकातून निसटून तिथेच वेटोळं करून पडली होती. बाउन्सरने ओढून मुडपलेली, तीच. त्याचा काय दोष? लिव्हर ओढताना ती कडी फिरते का, एवढं बघायला एक सेकंद लागतो, आणि तो मी दिला नव्हता. एकही फोटो आलेला नव्हता. दुसरा रोल भरल्यापासून मी रिकामा खटका वाजवत होते, ड्रमरच्या बरोबरीने, तालात.

मी जमिनीवर बसूनच राहिले. टाळ्या, आरडाओरडा, "वन्स मोअर", मग ते घोगरं "थँक यू पुणे", मग ट्यूबलाइट लागल्या. ट्यूबलाइट लागल्यावर तळघर हे तळघर दिसतं. ओल आलेली भिंत, सांडलेल्या बिअरचे डाग, एक बेवारस चप्पल.

फिल्म मात्र कोरी होती. पुढची बोटभर सोडली तर उजेड तिला शिवलाच नव्हता. मुडपलेला तुकडा मी दातांनी तोडला, जीभ नव्याने चाकात अडकवली, लिव्हर ओढला, कडी फिरली. दुसऱ्यांदा ओढला, फिरली. मग आवराआवर सुरू होती तिकडे गेले.

ड्रमर झांजांचे पंखानट सोडवत होता, नमद्याच्या चकत्या हरवू नयेत म्हणून ओठांत धरून. बासवाला केबल कोपरावर गुंडाळत होता आणि गिटारवाला त्याच्यावर खेकसत होता, "कोपरावर नको रे, आतून तुटते, कितीदा सांगायचं," आणि मग स्वतःच गप्प झाला, कारण आता सांगायला तो इथे नसणार होता. गाणाऱ्याला घसा बसल्यामुळे बोलता येत नव्हतं, तो खुणेनं पाणी मागत होता. मी दहा-बारा फ्रेम काढल्या. ताल नव्हता मोजायला, पण माणसं सामान आवरताना त्यांची एक लय असतेच.

"फोटो मस्त आले असतील ना?" बासवाल्याने विचारलं. मी "बघू" म्हणाले. खरं सांगायला हवं होतं. तो म्युनिकला पोचल्यावर सांगितलं.

बासचा अँप म्हणजे लहान फ्रिजएवढं धूड, ते जिन्याने वर न्यायचं होतं. बाउन्सर आपण होऊन बाह्या सरसावत आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, यातला तुमचा कुठला?"

मी बासवाल्याकडे बोट दाखवलं. का, माहीत नाही. बासवाल्याने माझ्याकडे बघितलं, हसला, काही बोलला नाही.

दोघं दोन बाजूंनी वाकले. बाउन्सरने बोटं नीट खाली घातली, मान वर केली आणि मोजायला लागला, "एक... दोन..."

तीनच्या आधी मी दाबलं. आरसा खाली आला तेव्हा अँप जमिनीवर नव्हता.